लाईन लागत नाही

माझी शेवटची पोस्टिंग दिल्ली विमानतळावर होती. टर्मिनलच्या एका कोपऱ्यात फौजेचं मदतीचं टेबल होतं. मी हवालदार, हाताखाली लान्स नाईक यादव. येणाऱ्या-जाणाऱ्या जवानांना आणि त्यांच्या घरच्यांना तिकिटं बदलून द्यायची, गाडी मिळवून द्यायची, चुकलेल्याला आर. के. पुरमच्या फौजी ऑफिसांचा पत्ता समजावायचा, हे आमचं काम. गावाकडचे हसायचे, "विमानतळावर कसली रे फौज?" मी म्हणायचो, या एक दिवस आणि बघा.

खासगी विमानं नुकती सुरू झाली होती. टायवाले लोक विटेएवढा मोबाईल कानाला लावून हॉलभर ओरडत फिरायचे. बाहेर द्वारकेच्या नव्या वसाहतीकडे बघावं तिकडे क्रेन. आणि त्याच दिवसांत वर डोंगरात रोज काही ना काही चाललेलं असायचं. सकाळी सहाला सिग्नल यायचा, त्यात डी.आय.एल.ची नावं असायची. डी.आय.एल. म्हणजे वाचतील की नाही याची खात्री नसलेल्यांची यादी. त्यात नाव चढलं की घरच्या दोघांना विमानानं बोलावून घेतात. सिव्हिलियन लोकांना वाटतं, केवढी ही सोय. मला तो कागद हातात घ्यायला नको वाटायचा.

त्या दिवशी नाव होतं नाईक दत्तात्रय शेलार, तालुका खटाव. पोटात तोफगोळ्याचं स्प्लिंटर. दहा वाजून दहा मिनिटांनी पुण्याच्या विमानानं त्याची बायको सुरेखा आणि वडील उतरले. त्याच्या हॉस्पिटलकडे नेणारं पुढचं विमान दोनला होतं. म्हातारा धोतर-टोपीत, पिशवी छातीशी धरलेली. सुरेखा बावीस-तेवीसची असेल. माझं मराठी ऐकून तिचा चेहरा जरा सैल झाला.

"दादा, तुम्ही आपल्याकडचे?"

"सातारचा. बसा, ताई."

मी खुर्चीतूनच बोललो. तिचं लक्ष टेबलावरच्या मिलिटरी फोनकडे गेलं.

"यावरून त्यांच्याशी बोलता येईल का?"

"संध्याकाळी भेटणारच आहात की."

"तसं नाही. गेल्या सुट्टीत निघताना आमचं भांडण झालं. मी एसटी स्टँडवर सोडायलासुद्धा गेले नाही. माझा राग गेलाय, एवढंच सांगायचंय. शुद्धीत आहेत ना?"

शुद्धीत होता. सिग्नलमध्ये तसं लिहिलं होतं. ती लाईन घरगुती बोलण्यासाठी नव्हती, हा नियम खरा. पण आज खरं सांगतो, नियमापेक्षा माझा कंटाळा मोठा होता. एक्सचेंजवाल्याची मनधरणी करा, मग वॉर्डातल्या सिस्टरची, कोण करणार?

"तिकडची लाईन लागत नाही, ताई. सकाळपासून."

"बरं," ती म्हणाली.

अकराला तिनं परत विचारलं. साडेअकराला परत. तिसऱ्यांदा तर मी रजिस्टरमधून मानही वर केली नाही.

बारा वीसला ती सासऱ्यांना तोंड धुवायला घेऊन गेली होती. मिलिटरी फोन वाजला. आमचे मेजरसाहेब होते.

"शेलार की फॅमिली पहुँची?"

"जी साहब."

"शेलार नहीं रहा. बारह पाँच. फॅमिली को आगे मत भेजो. मैं आकर बताऊँगा. तुम कुछ नहीं बोलोगे."

"जी साहब."

यादवनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि त्याला कळलं. तेवढ्यात ती दोघं परत आली. आम्ही दोघंही उठून उभे राहिलो. कुणी सांगितलं नव्हतं, पाय आपोआप उठले.

सुरेखा थांबली. "सकाळपासून बसून बोलत होतात. आता उभे का राहिलात?"

"काही नाही, ताई. विमानाला उशीर आहे जरा."

 मग पुढे होऊन तिनं स्वतःच रिसीव्हर उचलला. मला तिचा हात धरता येईना.

"एक्सचेंज. कहाँ लगाऊँ?" ऑपरेटरचा आवाज मलासुद्धा ऐकू आला.

तिनं रिसीव्हर तसाच माझ्यापुढे धरला.

"लागली की लाईन," ती मला म्हणाली.

मी रिसीव्हर तिच्या हातातून घेऊन खाली ठेवला. हुकूम होता, तोंड उघडायचं नव्हतं. म्हाताऱ्यानं खाली बसून टोपी काढून मांडीवर ठेवली. "पोरी, बस माझ्यापाशी," तो म्हणाला. मग दीड तास आम्ही चौघं तसेच होतो. दोनच्या विमानाची घोषणा झाली तेव्हा कुणी हललं नाही.

एक पन्नासला मेजरसाहेब आले. भला माणूस. गुडघ्यावर बसून त्यांनी सांगितलं. तिला हिंदी फारसं येत नव्हतं, म्हणून प्रत्येक वाक्य मी मराठीत सांगत होतो. म्हातारा हमसून रडला. ती रडली नाही. तिनं एकच विचारलं, "शुद्धीत कधीपर्यंत होते?"

मी ते हिंदीत विचारलं. साहेबांना वाटलं, तिला धीर येईल.

"साढ़े ग्यारह तक होश में था. सिस्टर से बात कर रहा था. घर की ही बात."

ते तिला मलाच सांगायचं होतं. चुकीचं सांगून टाकावं असं मनात आलं. पण त्या दिवशी पुरेसं खोटं बोलून झालं होतं. "साडेअकरापर्यंत बोलत होते," मी म्हणालो. "घरचंच."

तिनं माझ्याकडे बघितलं. आता ही साहेबांना सांगणार, अशी मी वाट बघत उभा होतो. तिनं मान खाली घातली आणि सासऱ्यांचे डोळे पदरानं पुसले.

दुसऱ्या दिवशी पेटी पुण्याच्या विमानात चढवताना तिचा एक कोपरा मी धरला होता. त्यानंतर टेबलावर आलेल्या प्रत्येक डी.आय.एल.वाल्याला मी आधी फोन जोडून दिला. मला कुणीही अडवलं नाही, कधीच.

नाईक दत्तात्रय शेलार, बारा वाजून पाच मिनिटं. त्याच्या बायकोनं माझी तक्रार केली नाही. केली असती तर शिक्षा झाली असती, आणि कधीतरी ती भोगून संपली असती.