ब्रॉनी हॅरप बँडमध्ये गेली

ब्रॉनी हॅरप बँडमध्ये गेली, ही बातमी केटल बे गावच्या लोकांनी कुणी अंथरुणाला खिळल्यासारखी एकमेकांना सांगितली. पंधरा वर्षं ही बाई एकटी गिटार घेऊन गात होती. आठवडाभर सफरचंदांच्या शेडमध्ये पेट्या भरायच्या आणि शुक्रवारी खटारा गाडी काढून होबार्ट शहर गाठायचं, नाहीतर बोटीने समुद्रापलीकडे मेलबर्न. गाणी स्वतः लिहिलेली, चाली स्वतःच्या, दोन रेकॉर्डसुद्धा मागच्या खोलीत भिंतींना गाद्या लावून स्वतःच केलेल्या. ऐकायला तीसेक माणसं, खुर्च्यांवर हूं की चूं न करता बसलेली. आणि तीच ब्रॉनी आता शनिवारी दुपारी हॉलमधल्या नाचाला वाजवणाऱ्यांत डावीकडून तिसरी उभी राहणार! बाईचं नाव बुडालं, असं पोस्टापासून पेट्रोलपंपापर्यंत सगळे म्हणायला लागले. ब्रॉनीच्या कानावर आलं तेव्हा ती म्हणाली, बुडालं तर माझं बुडेल, तुमच्या पोटात का दुखतंय?

खरं कारण तिने फारसं कुणाला सांगितलं नाही. एका कार्यक्रमात तिने मुद्दाम एक अख्खं कडवं गाळलं होतं. टाळ्या नेहमीइतक्याच पडल्या. कार्यक्रम संपल्यावर तिघांनी डोळे पुसत शब्द फार छान आहेत म्हणून सांगितलं. त्या दिवसापासून त्या खुर्च्या तिच्या डोक्यात गेल्या.

बँड ऑलवेन डिरीनचा. तीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई, वय बहात्तर, मांडीवर अकॉर्डियन आणि जिभेला हाड नाही. ब्रॉनीचं पुराचं गाणं तिने वॉल्ट्झवर, जोडीने गिरक्या घेत नाचायच्या ठेक्यावर, बसवून घेतलं. नदीला पूर आला आणि गावाचा बोटी लागायचा धक्का वाहून गेला, त्याचं हे गाणं. पहिल्याच शनिवारी ब्रॉनीने घोळ घातला. एकटीने गाताना ती शेवटची ओळ जिवाला लागेपर्यंत ताणायची, तशीच इथेही ताणली. समोर वीस जोड्या गिरकीच्या मधोमध. अर्ध्या ठेक्यावर पुढे गेल्या, अर्ध्या तिच्यासाठी थांबल्या, आणि खाटकाची बायको धडपडत गेली ती घरोघरून आलेल्या खाण्याच्या टेबलावर, थेट कुणाच्यातरी पावलोवा केकमध्ये. हॉल पोट धरून हसला. ऑलवेन हसली नाही.

"गाणं तुझं असेल पोरी," ती म्हणाली, "पण पाय त्यांचे आहेत."

आणि शिक्षा म्हणून तिने ब्रॉनीच्या हातात झाकणांची काठी दिली. बियरच्या बाटल्यांची झाकणं तिच्यावर खिळ्यांनी सैल ठोकलेली, आपटली की खळखळणारी. आमच्याकडे ज्याला काहीच वाजवता येत नाही त्याला ही काठी देतात. तीन महिने गाणं बंद, फक्त काठी आपटायची. दोन रेकॉर्ड काढलेली बाई! पुढच्या शनिवारी ती येणार नाही असं सगळे धरूनच चालले होते. ती सगळ्यांच्या आधी आली. तीन महिने तिने मान खाली घालून लोकांची पावलं बघत काठी आपटली, आणि चौथ्या महिन्यात ऑलवेनने गा म्हटल्यावर गायली. कुणी अडखळलं नाही.

मात्र कुणी ऐकलंही नाही. लोक नाचत होते, हसत होते, गाईंच्या आणि जावयांच्या गोष्टी करत होते. ब्रॉनीला वाईट वाटलं, का नाही वाटणार? पण आपणहून आलोय, आता रडायचं नाही, असं स्वतःला बजावून ती चार वर्षं गात राहिली.

मग एका शनिवारी नाचाच्या मध्यंतरात डेमियन रॉयल आला. उन्हाळ्यातला मोठा लोकसंगीत महोत्सव भरवणारा माणूस. ब्रॉनीने पंधरा वर्षं दरवर्षी त्यांना पत्र घातलं होतं आणि दरवर्षी छापील नकार आला होता. आता तो आपणहून देत होता मुख्य मंडप, तासभर, फक्त तिची गाणी, आणि पत्रकावर सगळ्यात वर तिचं नाव. बँड हवाच असेल तर मागे बसू दे, म्हणाला. ऑलवेनने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि अकॉर्डियनचा पट्टा आवळला.

"इथे तुझा एक शब्द कुणाच्या कानात शिरत नाही, ब्रॉनी," डेमियन हळूच म्हणाला. "नाच संपला की गाणं संपलं. मेल्यावर तरी नाव राहू दे की."

त्याने नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. नाच झाल्यावर सांगते, म्हणून ती स्टेजवर परत गेली. शेवटी पुराचं गाणं झालं. डेमियन उत्तरासाठी पुढे आला, पण त्याच्या आधी एक म्हातारा स्टेजपाशी येऊन उभा राहिला. डोंगरापलीकडून लेकीकडे आला होता, आणि चांगलाच तापला होता.

"बाई, तुम्ही चुकीचं म्हणता. तिसऱ्या कडव्यात धक्का नाही, पूल वाहून जातो. आमच्याकडे आज्यांपासून म्हणतात हे गाणं. जुनी चीज आहे, नीट म्हणत जा."

गाणं अकरा वर्षांपूर्वीचं, शेडमध्ये जेवणाच्या सुट्टीत पेटीच्या पुठ्ठ्यावर लिहिलेलं. डेमियन लगेच ते सांगायला गेला, पण ब्रॉनीने त्याच्या छातीवर तळवा ठेवून त्याला जागच्या जागी थांबवलं. कसं म्हणतात तुमच्याकडे, तिने म्हाताऱ्याला विचारलं. म्हाताऱ्याने टोपी काढून फाटक्या आवाजात कडवं म्हटलं. पूल होताच. शिवाय पूल गेल्यावर दोन्ही काठांवर कंदील घेऊन उभ्या राहिलेल्या बायकांची एक ओळ होती. ती ब्रॉनीने कधी लिहिलीच नव्हती, आणि तिच्या सगळ्या ओळींपेक्षा ती सरस होती. ब्रॉनीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तिने ते पुसलंही नाही.

मग ती डेमियनकडे वळली.

"माझं नाव छापायचं नाही. बोलवायचं तर बँडला बोलव, आणि मंडपातल्या खुर्च्या काढ. जमत नसेल तर यायचे कष्ट घेऊ नकोस."

त्याचं उत्तर ऐकायला ती थांबली नाही. स्टेजच्या कडेला मांडी घालून बसली आणि ऑलवेनकडून पेन्सिल मागून घेतली.

"चुकलंच माझं, काका," ती म्हणाली. "पुन्हा म्हणा. सावकाश म्हणा, मी लिहून घेते."