डाव्या हाताचा नेम

आमच्या घरी 'नेम' या शब्दाला एकच अर्थ होता. रोज सकाळी बुद्धवंदना, त्रिशरण, पंचशील. मग परीक्षा असो, ताप असो, नाहीतर घर पाहुण्यांनी भरलेलं असो. मी नोकरीसाठी जर्मनीत इंगोलश्टाटला निघाले तेव्हा आईने लोणच्याच्या बरणीबरोबर हा नेमही माझ्या गळ्यात बांधला. मी ऑफिसला निघायच्या आधी ती नागपूरहून व्हिडिओ कॉल लावते, एकेक ओळ म्हणते आणि मी तिच्यामागून म्हणते. कित्येकदा माझं अर्धं लक्ष गॅसवरच्या दुधाकडे असतं. पण नेम चुकत नाही.

शब्दाचा दुसरा अर्थ मला माझ्या घरमालकांनी शिकवला. शहराबाहेरच्या एका गावात ते खालच्या मजल्यावर राहतात, मी वरच्या. बायको गेलेली, मुलं लांब. जुने शिकारी. गावाभोवतीच्या जंगलात शिकारीचा हक्क त्यांचा, आणि जनावरांची जबाबदारीही त्यांचीच. त्यांच्याकडे वडिलांच्या वेळचं एक पिस्तूल होतं. मधून मोडून उघडायचं, एक गोळी घालायची, बंद करायचं. एक बार, की संपलं. खरी शिकार रायफलीने व्हायची. हे पिस्तूल फक्त जखमी जनावराचे हाल संपवायला. पण अलीकडे त्यांचा हात थरथरू लागला होता. चहाच्या कपाखाली बशी धरली की ती वाजायची.

"चल माझ्याबरोबर नेमबाजीच्या क्लबात," एका रविवारी ते म्हणाले. "मी समोर असलो की तुला चालवता येतं, नियमात बसतं. नुसतं पडून गंजण्यापेक्षा तू तरी वापर."

मी गेले. कागदाला कुठे प्राण असतो, असं मनाशी म्हणत गेले. आईला सांगितलं, रविवारी खालच्या मजल्यावरच्या आजोबांबरोबर क्लबात जाते. तिला वाटलं पत्ते खेळायला जात असेन, आणि मी तिला तसं वाटू दिलं.

पहिल्यांदा मी ते पिस्तूल लाटण्यासारखं आवळून धरलं. "गळा दाबू नकोस त्याचा," ते म्हणाले. उजवा हात मुठीवर जितका वर जाईल तितका वर, म्हणजे बार झाल्यावर धक्का सरळ हातात येतो, पिस्तूल वर उसळत नाही. मग डावा हात खालून आणायचा आणि उजव्या हाताच्या बोटांवर लपेटायचा. नवखे लोक सगळा जोर उजव्या हातात घालतात आणि तिथेच फसतात. सांभाळायचं काम डाव्याचं. उजव्याने फक्त एक बोट हलवायचं. नळी कशावरही टेकवायची नाही, टेकवली तर बार होताना उडी मारते. टेकवायची ती मनगटं, वाळूच्या पिशवीवर.

"टोक हलतंय," मी तक्रार केली.

"गेनाऊ! अगदी बरोबर, सगळ्यांचंच हलतं. थांबायची वाट पाहशील तर जन्मात बार होणार नाही. थोडं हलू दे, अर्धा श्वास सोड आणि बोट सावकाश मागे घे. रूहिग." रूहिग म्हणजे शांतपणे. हा शब्द ते इतक्यांदा म्हणायचे की मला ऑफिसच्या मीटिंगमध्येही ऐकू यायला लागला.

खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडलं. कागदाच्या मधोमध भोक पडलं की पोटात गुदगुल्या व्हायच्या.

मग एका रविवारी सगळी भोकं जवळजवळ एकाच जागी पडली. दुपारी परत येताना गाडी मी चालवत होते, पिस्तूल मागे कुलूपबंद पेटीत होतं आणि तो कागद घरमालकांच्या मांडीवर. माझी बडबड थांबेना. शेवटच्या बाराला डावा हात कसा ठेवला होता ते दाखवायला मी तो स्टिअरिंगवरून काढला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मक्याच्या शेतातून हरिणी रस्त्यावर आली ती मला दिसली, पण उशिरा.

आम्हाला काही झालं नाही. ती रस्त्याकडेच्या गवतात पडली होती. मागचे पाय तुटलेले, पुढच्या दोन पायांवर उठायची धडपड चाललेली. मान मात्र ताठ. घरमालकांनी पोलिसांना फोन केला. रान त्यांच्याच हक्कातलं होतं, तेव्हा त्यांनीच तिला हालांतून सोडवायचं ठरलं. त्यांनी पेटी उघडली, गोळी घातली. तिच्यामागे मातीचा उतार आहे याची खात्री केली, गवतात गुडघे टेकले आणि दोन्ही हात पुढे केले. नळीचं टोक थोडंथोडकं नाही, वीतभर हलत होतं.

त्यांनी हात खाली घेतले. "तुझ्या हातात मी हे देऊ शकत नाही, इथे परवानगी नाही," ते म्हणाले. "पण माझे हात तू धरू शकतेस. एकच गोळी आहे. चुकीच्या जागी लागली तर पुन्हा भरेपर्यंत तिला आणखी सोसावं लागेल."

मी नाही म्हणू शकले असते. पोलिसांची वाट पाहू म्हणू शकले असते. पण ती पुन्हा उठायला गेली आणि पुन्हा पडली, आणि हे मी केलं होतं. मी त्यांच्या शेजारी गुडघे टेकले. डावा हात खालून नेला, त्यांच्या बोटांवर लपेटला, त्यांची मनगटं माझ्या गुडघ्यावर टेकवली. थरथर माझ्या हातात आली आणि हळूहळू बसली. टोक जरा डावीकडे होतं. ते मी उजवीकडे आणलं. त्यांनी नाही, मी. मग मीच म्हणाले, "रूहिग."

त्यांनी बोट मागे घेतलं.

ती जागच्या जागी शांत झाली. "झाउबर," ते म्हणाले. साफ. आणि त्या क्षणी माझ्या पोटात त्याच गुदगुल्या झाल्या, कागदाला भोक पडल्यावर व्हायच्या त्याच. क्षणभरच, पण झाल्या. तिचे हाल संपवले याचं मला वाईट वाटत नाही. ते करायलाच हवं होतं. पण त्या गुदगुल्यांची मला शिसारी येते, अजूनही येते. घरमालकांनी टोपी काढली, एक हिरवी डहाळी मोडून तिच्या तोंडात ठेवली. शेवटचा घास, त्यांच्या शिकाऱ्यांची रीत. माझ्याकडे तशी कुठलीच रीत नव्हती. माझ्याकडे होतं ते पहिलं शील, जीवहिंसा न करण्याचं, आणि ते उद्या सकाळी आईच्या तोंडाकडे पाहत म्हणायचं होतं.

सकाळी फोन वाजला. आई पांढऱ्या साडीत, मागे मेणबत्ती लावलेली. वंदना झाली, त्रिशरण झालं. पहिलं शील आलं तेव्हा माझे ओठ हलले, पण आवाज फुटेना. पुढची चारही मी खणखणीत म्हटली. चौथं, खोटं न बोलण्याचं, जरा जास्तच खणखणीत.

सगळं संपल्यावर आई स्क्रीनच्या जवळ आली. "पहिलं शील ऐकू नाही आलं गं आज. काहून?"

चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं, हिला कळलं. पण तिच्या चेहऱ्यावर संशय नव्हता, नुसती काळजी होती. "नेट गेलं होतं का?" तिनेच विचारलं.

"हो आई. नेट गेलं होतं."

"तरीच! तू तर म्हटलंच असशील." तिने चष्मा पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे पाहून समाधानाने हसली. "नेम नाही ना चुकला, बास झालं मग."

"नाही आई," मी म्हणाले. "नेम नाही चुकला."