मधल्या पायरीवरचा माणूस

दगाभाऊंना मी वीस वर्षं ओळखते आणि तितकीच वर्षं त्यांच्याशी भांडते. सुरतेत डिंडोलीला आमची घरं समोरासमोर. माणूस मूळचा धुळ्याकडचा, इथल्या कापड मार्केटात ताके, म्हणजे कापडाचे तागे, उतरवायचं काम करतो. कष्टाला वाघ, पण हट्टी. एकदा डोक्यात काही बसलं की निघायचं नाव नाही. आणि त्यांच्या डोक्यात बसलं होतं की आपली मुलगी गायत्री आळशी आहे.

गायत्री माझीच विद्यार्थिनी. अकरावीत मी तिला जीवशास्त्र शिकवलं. डोकं तल्लख, पण एक जिना चढली की भिंतीला टेकायची, प्रयोगशाळेत पाच मिनिटांत स्टूल शोधायची. मी तिला भर वर्गात कामचुकार म्हटलं होतं. खोटं कशाला सांगू, ते आठवलं की आजही माझा मलाच राग येतो.

बारावीनंतर बसथांब्यापर्यंतही चालवेना, म्हणून कॉलेज राहिलंच. दगाभाऊंनी डिंकाचे लाडू, खारीक, साजूक तूप असा मारा सुरू केला. पोरगी खायची आणि आणखीच गळून जायची. श्रावणात कानबाई देवीच्या मिरवणुकीत ती भररस्त्यात खाली बसली. नातेवाइकांत बोभाटा झाला, आणि दगाभाऊंनी गावाकडचं एक स्थळ जवळजवळ पक्कं केलं. सासरी गेली की अंगात आपोआप काम येईल, असा त्यांचा हिशेब. मला धडकी भरली. आळशीपणाचा शिक्का घेऊन ही सासरी गेली तर तिथे तिचं काय होणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

भांडून-भांडून मी तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. तपासण्यांत दोन-अडीच महिने गेले. रक्तात लॅक्टिक आम्ल भलतंच वाढलेलं निघालं, आणि शेवटी कळलं की तिच्या शरीरात कोएन्झाईम क्यू नावाचा पदार्थ पुरेसा तयारच होत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्याच्याच कॅप्सूल रोज द्यायच्या, निदान सहा महिने. पुष्कळांना गुण येतो, पण खात्री देता येत नाही.

दगाभाऊ उखडले. डबाभर तुपानं झालं नाही ते एवढ्याशा गोळीनं होणार का, असं त्यांनी मलाच विचारलं. मी कॅलेंडरची मागची बाजू घेतली आणि शिकवायला बसले. अन्नातून इलेक्ट्रॉन निघतात. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात ते एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे दिले जातात. प्रत्येक देवघेवीत थोडी शक्ती सुटते, तिच्यावर शरीर चालतं. शेवटी श्वासातला ऑक्सिजन ते उचलतो आणि त्याचं पाणी होतं. अठ्ठावीस वर्षं शिकवलेला धडा, पण दगाभाऊंचा चेहरा कोरा तो कोराच.

मग त्यांनी विचारलं, हे तुमचे इलेक्ट्रॉन मार्केटातल्या ताक्यांसारखे उतरतात का? तिसऱ्या मजल्यावरून माल काढताना जिन्यात दर दोन पायऱ्यांवर एक माणूस उभा असतो आणि ताका हातोहात खाली टेम्पोत जातो. मी म्हटलं, अगदी तसेच. आणि ते कोएन्झाईम म्हणजे मधल्या पायरीवरचा माणूस.

मधला माणूस नसला तर काय होतं, हे दगाभाऊंना मी सांगायची गरज नव्हती. वरच्यांच्या पायाशी ढीग साचतो आणि खालचे हात रिकामे राहतात.

"म्हंजे ते रगतमाधलं आम्ल, तो साचेल माल शे," ते आपल्या अहिराणीत हळूच म्हणाले. "नि मी वरतून लाडू टाकी राहिंतू."

इतक्या वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थ्यानं इतकं नेमकं उत्तर दिलेलं नाही. त्यांनी गावाला निरोप धाडला की लग्नाचं आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंत, थांबा.

पहिले दोन महिने काहीच फरक पडला नाही. दगाभाऊ रोज जेवणासोबत कॅप्सूल स्वतः हातावर ठेवत आणि माझ्याकडे संशयानं बघत. तिसऱ्या महिन्यात गायत्री एका दमात पहिला मजला चढली. पाचव्यात ती एकटी भाजी आणायला जाऊ लागली. अजूनही मध्येच थकते, पण आता थकली की बसते, विसावते आणि पुन्हा उठते.

आखाजीच्या आधी स्थळाकडच्या काकांचा फोन आला. मी तिथेच होते. पोरगी आता तरी कामाला लागली का, की अजून आळशीच आहे, असं त्यांनी विचारलं असावं. गायत्री नुकतीच भाजीची पिशवी घेऊन दारात आली होती. दगाभाऊंची तिच्याकडे पाठ होती.

"मनी पोर कधीच आयशी नव्हती," ते फोनवर म्हणाले. "मालेच दखायनं नही. आते ती कालेजमा जाई. लगीननं मंग दखसूत."

गायत्री पिशवीसकट उंबऱ्यावर बसली आणि हमसून रडायला लागली. दगाभाऊ घाबरले, त्यांना वाटलं पुन्हा दम लागला. मी पुढे होऊन तिच्या शेजारी बसले, आणि भर वर्गात जे बोलले होते त्याची माफी मागितली.