रेनोचा खात्रीचा दिवा

आमच्या ऑटर हार्बरमध्ये लोकांच्या टपालपेटीत बिलं येतात, बियाण्यांच्या जाहिराती येतात, हिवाळ्याला घाबरून फ्लॉरिडाला पळालेल्या म्हाताऱ्यांची ऊन मिरवणारी कार्डं येतात. रेनो लाहटेलाच्या पेटीत टॉर्च येतात. गेली तेवीस वर्षं या रस्त्याचं टपाल माझ्याकडे आहे, आणि त्यातली शेवटची अकरा वर्षं माझी जीप म्हणजे रेनोच्या दिव्यांची पालखी झाली आहे.

सगळे दिवे स्वस्तातले. खोक्यावर लिहिलेलं असतं, एक लाख लुमेन. लुमेन म्हणजे उजेडाचं माप, हे मला रेनोमुळेच कळलं. घरातल्या साध्या बल्बाचे आठशे भरतात. म्हणजे बोटभर लांबीच्या टॉर्चमध्ये सव्वाशे बल्ब कोंबून बसवलेत, असा विकणाऱ्याचा दावा. शेजारी चित्र असतं: एक माणूस डोंगरावर उभा राहून समोरचा डोंगर उजळतो आहे आणि मधल्या दरीतलं अस्वल डोळ्यांवर पंजा घेऊन बसलं आहे.

रेनो तो दिवा गॅरेजमध्ये नेऊन मोजतो. दोनशे बारा.

मग एक सुस्कारा येतो. तो मी जीपचं इंजिन चालू असतानाही फाटकापाशी ऐकला आहे. "अरे चोरांनो, एक लाख कशाला लिहिता? तीनशे लिहा! तीनशे लिहिलं असतंत तर मी डोळेझाक केली असती!" हे त्या खोक्याला उद्देशून असतं. खोकं बिचारं काय बोलणार?

बारा डॉलरच्या टॉर्चकडून एवढी अपेक्षा कशाला, असं मी त्याला एकदाच विचारलं. त्या दिवशी पुढच्या नऊ घरांना टपाल मिळालं नाही.

त्याचं असं आहे की रेनोने एकतीस वर्षं काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, वजनमाप खात्यात नोकरी केली. पेट्रोलपंपावर गॅलनात गॅलन पडतो का, खाटकाचा काटा खरं बोलतो का, बेकरीतली मांस भरलेली पास्टी लेबलावर लिहिली आहे तेवढ्या वजनाची भरते का, हे बघायचं आणि बरोबर असेल तर त्यावर नारिंगी चिठ्ठी डकवायची: ‘तपासले. बरोबर.’ त्याच्याकडे पितळी वजनांची एक पेटी होती. ती दर वर्षी स्वतः गाडी हाकत, नऊ तासांचा रस्ता तुडवत, तो लान्सिंगला राज्याच्या प्रयोगशाळेत नेऊन तपासून आणायचा. "जगाला मी तपासतो, ग्लेन," तो मला म्हणायचा, "पण मला कोण तपासतं? ज्याला हा प्रश्न पडत नाही त्याने काट्याला हात लावू नये."

असा माणूस निवृत्त झाल्यावर सुखाने मासे थोडाच पकडणार?

गॅरेजमध्ये त्याने एक यंत्र बांधलं. नळाच्या पांढऱ्या पाइपाचे तुकडे, मध्ये दोन वळणं, एका तोंडाला काच, दुसऱ्या तोंडाला उजेड मोजायचं मीटर. गावात त्याला तोफ म्हणतात. टॉर्च काचेवर धरायचा, चालू करायचा आणि तीस सेकंद थांबायचं. तीस म्हणजे तीसच. "लावल्या लावल्या सगळेच झळकतात," रेनो म्हणतो. "नवा जावई पहिल्या दिवशी भांडीसुद्धा घासतो. तीस सेकंदांनी बघा."

पण मीटर दाखवतं तो नुसता आकडा. त्याचे लुमेन किती हे ठरवायला एक खात्रीचा दिवा लागतो. त्याचे हजार म्हणजे हजार, असं धरायचं आणि बाकीच्यांना त्याच्यावरून जोखायचं. वाणी पारड्यात किलोचं वजन ठेवतो ना, तसं. हा खात्रीचा दिवा त्याला निवृत्तीच्या दिवशी बायकोने दिला होता. एका नावाजलेल्या कंपनीचा, हजार म्हणेल तिथे हजार देणारा. रेनोने त्यावर खात्यातून उरलेली शेवटची नारिंगी चिठ्ठी डकवली: ‘तपासले. बरोबर.’

तपासलं मात्र नव्हतं. तेहतीस वर्षं संसार केलेल्या बायकोने दिलेला दिवा कोण तपासतो?

त्याची बायको आर्डिस म्हणजे आमच्या चर्चच्या स्वयंपाकघराची सेनापती. तोफेवर तिचा राग आहे, पण तो सवतीवर असावा तसा. "ग्लेन, दुसरी बाई असती तर तिच्या झिंज्या तरी उपटल्या असत्या," ती मला म्हणते. "या पाइपाचं काय उपटू?" तरी कोणी घरी आलं की तीच आधी सांगणार, "तो चिठ्ठीवाला दिवा बघितलात? माझा आहे. त्याच्याशिवाय ह्यांची तोफ मुकी."

गाव रेनोची टिंगल करायचं आणि टॉर्च घ्यायच्या आधी त्यालाच विचारायचं. बर्फावर हरवलेल्यांना शोधायचं आमचं एक पथक आहे. त्याचा मुख्य डेल पेरो. तलाव गोठला की मासे धरणारे आणि स्नोमोबाइल ही बर्फावरची गाडी पळवणारे त्यावर हिंडतात, आणि दर हिवाळ्यात कोणीतरी धुक्यात वाट चुकतो. दोन वर्षांमागे पथकाला डोक्यावर बांधायचे बारा दिवे घ्यायचे होते. डेल नमुना घेऊन आला. खोक्यावर सहाशे. तोफेने सांगितलं, सहाशे चाळीस.

रेनोने तीनदा मोजला. मग चष्मा काढून पुसला. "डेल," तो म्हणाला, "नऊ वर्षांत पहिला सचोटीचा माणूस भेटला. डोळे मिटून घे." त्या न पाहिलेल्या कारखानदाराला त्याने नाताळचं कार्डसुद्धा पाठवलं.

यंदा फेब्रुवारीत मी त्याच्याकडे एक लहानसं खोकं नेलं. आतलं मला माहीत होतं, कारण रेनो महिनाभर दिवस मोजत होता. या छंदाची माणसं देशभर, कॅनडाभर पसरली आहेत, आणि त्यांची एक रीत आहे. एकच दिवा टपालाने एकाकडून दुसऱ्याकडे फिरतो. ज्याच्याकडे येईल त्याने तो आपल्या यंत्रावर मोजायचा, सोबतच्या वहीत आपलं नाव, आकडा आणि शेरा लिहायचा, आणि आठवड्याच्या आत पुढे धाडायचा. आधीच्याचा आकडा आपला मोजून झाल्याशिवाय बघायचा नाही. रेनोने वहीला रबर बँड लावून ती पावाच्या डब्यात ठेवली आणि डब्याच्या राखणीला आर्डिसला बसवलं.

"थांब, ग्लेन. साक्षीदार हवा."

दिवा काचेवर धरला. तीस सेकंद. बाराशे सत्तर.

"जोरदार आहे," रेनो खूश होऊन म्हणाला आणि त्याने वही उघडली. चौदा नावं होती. नऊशे नव्वद, एक हजार चार, एक हजार अकरा, नऊशे शहाण्णव... चौदाही जण हजाराच्या आसपास गर्दी करून उभे होते.

रेनोने चष्मा काढून पुसला. या वेळी पुसणं वेगळं होतं.

पुढचे चार दिवस मी टपाल द्यायला जायचो तेव्हा तो गॅरेजमध्ये वाकलेलाच दिसायचा. सेल बदलले. मीटर बदललं. पाइप आतून सुती फडक्याने पुसला. गॅरेज गरम करून मोजलं, दार उघडं टाकून थंड करून मोजलं. बाराशे सत्तर, बाराशे अडुसष्ट, बाराशे बहात्तर. तोफ अगदी प्रामाणिकपणे चुकत होती.

पाचव्या दिवशी त्याने कॅनडातल्या रँडलला फोन लावला. हा रँडल मूस जॉ गावचा, वहीतला नववा. फोन मेजावर मोठ्याने चालू होता, म्हणून मीही ऐकलं.

"खात्रीचा दिवा कुठला आहे तुझा?" रँडलने विचारलं. रेनोने नाव सांगितलं.

"दिवा उत्तम. मागचं झाकण काढ बरं. आटे कसे आहेत, चौकोनी की टोकदार?"

रेनोने झाकण फिरवलं. आट्यांवरून अंगठ्याचं नख फिरवलं.

"टोकदार."

"अरेरे." मूस जॉहून एवढंच आलं. मग, "अस्सलचे चौकोनी असतात रे. नकलेचे टोकदार. नकला बहुतेक आठशेच्या आतबाहेर भरतात. तू बाराशे सत्तर मोजलेस, म्हणजे तुझा सातशे नव्वदचा असणार. वाईट वाटून घेऊ नकोस, खूप जण फसले. कोणी विकला तुला?"

"मला कोणी विकला नाही," रेनो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

माझी नजर माझ्या बुटांवर होती. अकरा वर्षांपूर्वी ते पाकीट मीच आणलं होतं. आर्डिसने ते रस्त्यावरच माझ्या हातातून घेतलं होतं. "हाच दिवा, ग्लेन, निम्म्या किमतीत! दुकानवाले लुटतात नुसते. यांना सांगू नकोस हं, म्हणतील निवृत्तीच्या भेटीत काटकसर केली." मी सांगितलं नव्हतं. तेव्हा त्यात सांगण्यासारखं काही वाटलंच नव्हतं.

"म्हणजे," रेनो हळूहळू म्हणाला, "मी ज्याला दोनशे बारा म्हणालो तो एकशे सदुसष्टचा होता. म्हणजे मी चोरांना सूट देत आलो."

"म्हणजे तू दयाळू निघालास," मी म्हणालो.

तो हसला नाही. बोटांवर काहीतरी मोजत होता. "डेलचे दिवे. सहाशे चाळीस. पाचशे पाच, ग्लेन. पाचशे पाच! तोही चोरच." नाताळच्या कार्डाचा विषय मी काढला नाही.

त्या शुक्रवारी चर्चच्या तळघरात मासे तळायचा बेत होता. रेनोने डेलला कोबीच्या कोशिंबिरीपाशी गाठलं. आर्डिस आत कढईपाशी होती, तरी रेनोचा आवाज कुजबुजीच्या वर जाईना.

"डेल, पथकाचे दिवे खोटे आहेत. माझं माप चुकलं. सहाशे नाहीत, पाचशे पाच आहेत."

"बरं," डेल म्हणाला. "लिंबू दे जरा इकडे."

"अरे, मी जाहीर माफी मागायला तयार आहे."

"कशाबद्दल? लागतात ना दिवे? डिसेंबरात तो डुलुथचा स्नोमोबाइलवाला सापडला ना याच दिव्यांनी?"

"तो बारच्या झगमगत्या पाटीखाली उभा होता!"

"सापडला की नाही, इन्स्पेक्टरसाहेब? मग झालं तर." डेलने त्याच्या पाठीवर थाप मारली. "पण माप चुकलं कसं काय? तुझं?"

रेनोने स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं. आर्डिस ताटं भरताना एका पाहुण्या बाईला सांगत होती, तिचा नवरा म्हणजे या किनाऱ्यावरचा एकच माणूस, ज्याला उजेड फसवू शकत नाही.

"ओल," रेनो म्हणाला. "पाइपात ओल धरली होती."

"हात्तिच्या!" डेल म्हणाला आणि दुसऱ्यांदा वाढून घ्यायला गेला. रेनोला शिक्षा हवी होती आणि गाव त्याला मासे वाढत होतं.

आठवडा संपला. वही पुढे जायची वेळ आली. मी गेलो तेव्हा रेनो वही समोर उघडून बसला होता. त्याने नाव लिहिलं, आकडाही लिहिला, खरा, बाराशे सत्तर. शेऱ्याच्या जागेवर पेन टेकवून तो थांबला होता.

"लिहून टाक ना," मी म्हणालो. "रँडलला माहीतच आहे. खात्रीचा दिवा नकली, संपलं."

"ही वही परत माझ्याकडे येते, ग्लेन. फेरी पूर्ण झाली की. आर्डिस सगळे शेरे वाचते. मोठ्याने वाचते."

तेवढ्यात आर्डिस कॉफी आणि वेलदोडा घातलेला निसू पाव घेऊन आलीच. रेनोच्या खांद्यावरून तिने वहीत डोकावलं. बोट फिरवत एकेक आकडा वाचला, आणि शेवटच्यावर तिचं बोट थांबलं.

"अगंबाई! सगळे हजारावर अडकलेत आणि आपले बाराशे सत्तर?"

रेनोने पेनाचं टोपण लावलं.

"म्हणजे आपली तोफ सगळ्यांत भारी!" तिने ताटली ठेवली. "असणारच. माझ्या दिव्यावर बेतलीय ना. काय, ग्लेन?"

मी पाव तोंडात घातला. दोन तुकडे एकदम.

ती गेल्यावर रेनोने शेरा लिहिला. एकतीस वर्षं काउंटीत आणि अकरा वर्षं गॅरेजमध्ये ज्या माणसाने कागदावर एक दशांशसुद्धा खोटा लिहिला नाही, त्याने सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘पाइप ओलसर. दुरुस्त केला आहे.’ मग खोकं बंद करून त्याने ते माझ्याकडे असं दिलं, जसं काही आत त्याचं कोणीतरी होतं.

आता तो पूर्वीसारखाच मोजतो. रविवारी सकाळी नारिंगी चिठ्ठीवाला दिवा काचेवर धरतो, हजार आले की मान डोलावतो. फक्त मेजाच्या खालच्या बाजूला, जिथे झाडताना हात पोचत नाही, तिथे त्याने एक कागद चिकटवला आहे. त्यावर ‘गुणिले ०.७९’ एवढंच आहे. लोक टॉर्च घेऊन येतात. मीटर आकडा दाखवतं, रेनो डोळे मिटतो, ओठ हलतात, मग निकाल येतो. गावात बोलतात, रेनो हल्ली निकाल सांगण्याआधी प्रार्थना करतो.

हे इथे थांबलं असतं तरी चाललं असतं. पण काल आर्डिसने मला फाटकाबाहेर, आतून दिसणार नाही अशा जागी गाठलं. पुढच्या आठवड्यात रेनोचा सत्तरावा वाढदिवस आहे.

"तो दिवा अकरा वर्षांचा झाला रे," ती म्हणाली. "ह्यांचा जीव आहे त्याच्यावर. आजकाल मोजताना त्याच्याकडे कसे टक लावून बघतात, बघितलंस? म्हटलं, म्हातारा झाला असेल दिवा, जोडीला दुसरा आणू. तोच विकणारा सापडला, ग्लेन! आणि या वेळी तर आणखी स्वस्त."

पाकीट आज आलं. माझ्या जीपमध्ये, शेजारच्या आसनावर आहे. मी त्यांच्या पेटीसमोर उभा आहे, इंजिन चालू आहे, आणि गॅरेजच्या दारातून रेनो मला हात करतो आहे. आज माझ्यासाठी काही आहे का, असं विचारतो आहे.