विसरणं आणि थांबणं

आमच्या नाटक कंपनीत एक प्रॉम्प्टर होता. विंगेत, छोट्या दिव्याखाली संहिता मांडीवर घेऊन बसायचा आणि कुणी वाक्य विसरलं की पुढचे दोन शब्द असे सोडायचा, की नटाच्या कानात पडावेत आणि पहिल्या रांगेला पत्ता लागू नये. आम्ही त्याला कुजबुज म्हणायचो. तीस वर्षांत त्यानं माझी अब्रू किती वेळा वाचवली, ते मी कुणाला सांगणार नाही.

कंपनी बंद पडली आणि कुजबुज सगळाच्या सगळा चर्चचा झाला. मंगळवारी गायकांची तालीम, बुधवारी प्रार्थनासभा, शुक्रवारी इस्पितळात आजाऱ्यांच्या भेटी, रविवारी उपासनेआधी मुलांचा वर्ग. पाळकांना दम लागायचा, ह्याला नाही. प्रार्थनाही तशीच भरगच्च. आजाऱ्याचं नाव, वॉर्ड, खाटेचा नंबर, सगळं देवाला तपशीलवार.

"अरे, त्याला खाटेचा नंबर माहीत नसेल का?" मी एकदा विचारलं.

"असेल हो बाई. पण आठवण केलेली बरी. सवय आहे."

त्याची बायको आमच्याच कंपनीत कपडेपट सांभाळायची. वहिनी दिवसभर तोंडात टाचण्या धरून शिवत बसायच्या, त्यामुळे बोलणं मोजकं. पण जो शब्द निघे तो नेमका टोचे. मागच्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. हातपाय सावरले. वाचा आली, पण एकेक शब्द ओठांवर यायला अर्धं मिनिट लागे. बोलण्याचे व्यायाम घेणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं: बोलत राहिल्या तर सुधारतील, गप्प बसल्या तर आहे तेही जाईल. आणि वहिनी गप्प होत चालल्या होत्या. पाहुणा आला तरच ओठ हलवायच्या.

कुजबुज माझ्याकडे आला तेव्हा बसलाही नाही. "बाई, तुम्ही नव्या पोरांचे उच्चार घासूनपुसून घ्यायचात. हिचंही बघा. मी रोज देवाच्या मागे लागलोय, पण..."

ह्या माणसाचं वाक्य अडलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

बुधवारी चार वाजता मी त्यांच्या घरी गेले. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आम्ही तिघं, समोर चहा. वहिनी माझ्याकडे निरखून पाहत होत्या. म्हणाल्या, "कॉ..."

"कॉफी हवी? आत्ता करतो." कुजबुज उठला, दूध तापत ठेवलं.

वहिनींनी हात पुढे करून माझी दुमडलेली कॉलर सरळ केली आणि ओठ मिटून घेतले. मग कॉफी आली. ती त्यांनी निमूट प्यायली.

तासाभरात हे चार वेळा झालं. पाचव्या वेळेला मी म्हटलं, "कुजबुज, शेवटच्या अंकात मी सिंहासनापाशी थांबायचे, आठवतं?"

"आठवतं की. मी मनात अकरापर्यंत मोजायचो."

"एकदाही शब्द दिला नाहीस. मी विसरले नाही, थांबलेय, हे तुला कळायचं कसं?"

"श्वासावरून. विसरलेला माणूस श्वास धरून ठेवतो. थांबलेला घेत असतो."

"मग वहिनींकडे बघ."

वहिनींचा श्वास संथ चालला होता. तो बराच वेळ पाहत राहिला. मग जरा चिडूनच म्हणाला, "तेव्हा संहिता माझ्या मांडीवर असायची, बाई. हिची माझ्याकडे कुठाय?"

"नाहीच. म्हणून तर गप्प बस."

तो बसला. फ्रिजची घरघर ऐकू येऊ लागली. पण त्याचे ओठ हलत होते.

"प्रार्थना करतोयस?"

"हो."

"तिथंही शब्द देतोयस. त्याला तरी बोलू दे."

वाटलं, आता हा मला दार दाखवणार. पण त्याचे ओठ थांबले. पुढे त्यानं मला सांगितलं, "आधी नुसत्या याद्या आल्या. कोण आजारी, कोणाचं ऑपरेशन. मग याद्या संपल्या आणि भीती वाटली, की समोर कुणीच नाही. मग कळलं, आहे. विसरलेला नाही, थांबलाय. इतकी वर्षं मीच त्याच्या वाक्यावर बोलत होतो."

पावणेसहाला फोन वाजला. साडेपाचची प्रार्थनासभा, मंडळी ताटकळली असणार. कुजबुज अर्धा उठला आणि नेमकं तेव्हाच वहिनींच्या ओठांशी काहीतरी आलं.

"म..."

त्याच्या जिभेवर मदत, मळमळ, मफलर, काय काय आलं असेल. तो खाली बसला. फोन वाजून वाजून थकला.

"मला," वहिनी म्हणाल्या. मग किती वेळ गेला कोण जाणे. "मला... पण... न्या."

कुठे, हे विचारायची गरज नव्हती. दर बुधवारी तो चारचौघांत वहिनींचं नाव घेऊन प्रार्थना करायचा आणि त्यांना घरी ठेवून जायचा. लोकांत बोलायला अवघड वाटेल, हे त्यानंच ठरवलेलं. त्यांना विचारलं नव्हतं.

त्यानं खाली वाकून वहिनींच्या बुटांच्या नाड्या बांधल्या. मी टॅक्सी थांबवली.

आम्ही पोचलो तेव्हा सभा संपत आली होती. दोघं मागच्या बाकावर बसले, मी त्यांच्या शेजारी. पाळक हायसं वाटून म्हणाले, "आलात. आता आजाऱ्यांसाठी तुम्हीच करा प्रार्थना."

कुजबुजनं मान हलवून नाही म्हटलं. वहिनींचा हात वर होता.

पाळकांनी एकवार भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग पुस्तक मिटलं आणि खाली बसले. पुढच्या रांगेतल्या कुणीतरी "प्रभू" म्हणून सुरुवात करून द्यायला तोंड उघडलं, आणि कुजबुजनं नुसतं तिकडे पाहिलं. तोंड मिटलं.

चाळीस माणसं थांबली. कुजबुज त्यांच्यात सगळ्यात स्वस्थ बसला होता.