जालन्याच्या गोदामात ऐकलेली पाखरांची राखण

मुंबईच्या एका संग्रहालयाने विकत घेतलेली ध्वनिकलाकृती महिनाभरासाठी जालन्यात येणार आणि तिच्यात माझ्या शांताआत्याचा आवाज आहे, हे कळल्यावर रजा टाकणं एवढंच उरलं होतं!

पुण्याहून बसने जालना सात तास, तिथून आत्याच्या टेंभुर्णीला आणखी दीड तास धरा. आणि जानेवारीतच जा, कारण हुरडा. आत्या आगटीत भाजलेली कणसं तळहातावर चोळून देत होती, मी शेंगदाण्याच्या चटणीबरोबर फस्त करत होते.

"उद्या येशील ना?" मी विचारलं.

"येते की. मला एक गोष्ट बघायची हाय तिथं."

कोणती, ते काही सांगेना.

सकाळी एसटीत माझं अर्धं तिकीट, पंच्याहत्तरी ओलांडलेल्या आत्याचं फुकट. "म्हातारपणाचा येवढाच फायदा," ती म्हणाली.

प्रदर्शन नवीन जालन्यात, स्टेशनजवळच्या जुन्या गोदामात. प्रवेश मोफत, सोमवारी बंद. आत अंधार आणि छताला टांगलेले बारा स्पीकर. बाकी काही नाही. आधी ज्वारीची सळसळ, मग गोफणीचा सणकारा, मग एका कोपऱ्यातून पाखरं हाकणारी आत्या: "हाऽऽऽ हो!" आणि समोरच्या कोपऱ्यातून बारीक, धारदार उत्तर: "होऽऽऽ हो!"

आत्याने माझं मनगट घट्ट धरलं. "हाय! गया हाय यात!"

बाहेर आल्यावर तिने सगळं सांगितलं. गयाबाई म्हणजे शेजारच्या शेतातली मैत्रीण. सहा वर्षांपूर्वी कलाकार बाई ध्वनिमुद्रणाला आल्या, तेव्हा दोघी आपापल्या मचाणावरून हाका देत होत्या. पेपरात मात्र एकट्या आत्याचं नाव आलं. आपलं नाव आत्यानेच दडवलं, असं गयाबाईंना वाटलं.

"तवापासून बोलत न्हाई माझ्याशी. समोर आली की तोंड फिरवती."

दारातल्या पाटीवरही एकच नाव होतं. आत्या तिथल्या मुलीपाशी गेली.

"आवाज दोघींचा, नाव एकीचंच कामून?"

"आजी, पाटी मुंबईहून आलीये. मला नाही बदलता येणार."

"मंग माझं बी काढा."

मुलगी हसली, आत्याचा चेहरा बघून थांबली आणि तिने थेट कलाकार बाईंना फोन लावला. त्यांना दुसरा आवाजही आत्याचाच वाटला होता! त्यांनी आत्याची माफी मागितली. मुलीने पाटीखाली पेनाने लिहिलं: 'आणि गयाबाई'. मी पाटीचा फोटो काढला, आत जाऊन आवाजही मोबाइलवर घेतला.

जालन्यातल्या मस्तगड भागात जेवायचा माझा बेत होता. "जेवण ऱ्हाऊ दे, जल्दी गाडी बघ," आत्या म्हणाली. त्यामुळे मस्तगडच्या जेवणाबद्दल सांगायला माझ्याकडे काही नाही.

टेंभुर्णीत ती तडक गयाबाईंच्या दारात. त्या तूर पाखडत होत्या. आम्हाला बघूनही सूप थांबलं नाही. आत्याने मोबाइल पुढे धरला. दुसरी हाक आली आणि सूप थांबलं. त्यांनी ती पुन्हा लावायला सांगितली. मग फोटो पाहून म्हणाल्या, "काय लिवलंय?"

मी वाचून दाखवलं.

"माझं नाव खाली व्हय?"

"मंग काय वर लिवायचं?" आत्या म्हणाली.

"आवाज माझा मोठा हाय."

आत्या ओट्यावर बसली. मग गयाबाई उठल्या. "चहात साखर किती घेती आता?"

पुण्याला परतल्यावर आठवडाभराने त्या मुलीने नव्या छापील पाटीचा फोटो पाठवला. गयाबाईंचं नाव आधी. आत्यानेच फोन करून तसं सांगितलं होतं म्हणे.

लहानपणी प्रत्येक सुट्टीत मी त्या मचाणाखाली खेळले. आत्याची हाक मला पाठ होती. पलीकडून कुणी उत्तर देतंय, हे मात्र मी पहिल्यांदा जालन्याच्या त्या गोदामात ऐकलं.