फणसपोळीच्या पेटीतला ड्रम

कल्पितावहिनी फणसपोळी वाळवायच्या पेटीत धामण वाळवते, ही बातमी आळीत पसरवली समोरच्या धोंडूकाकूंनी. त्यांना पेटीच्या काचेतून काहीतरी तपकिरी वेटोळं दिसलं, आणि दुपारपर्यंत त्या धामणीला पिल्लंही झाली.

धामण कसली, ती होती जुन्या टेपची फीत. कुणाच्याच आठवणीत न उरलेली पॉप-रॉक गाणी शोधून नेटवर लोकांना ऐकवायचं वहिनीला भारी वेड. ही फीत शेजारच्या हिरामणनानांची. तरुणपणी अलिबागच्या पोरांबरोबर आपण मराठी रॉक वाजवलं, ड्रमवर आपणच होतो, असं नाना सांगत आणि आळी पोट धरून हसे. पुरावा म्हणजे ही एकच फीत, तीही दमट हवेने चिकटलेली. तशीच लावली तर तिच्यावरचा गाण्याचा थर सोलून निघायचा, म्हणून वहिनीने ती आंबोशी वाळवावी तशा मायेने पेटीच्या मंद उबेत सुकवली.

रविवारी सकाळी सगळी आळी तिच्या अंगणात जमली. वहिनीने जीव मुठीत धरून टेपचं बटण दाबलं. आधी नुसती खरखर झाली. मग ड्रमचा असा दणका उठला की माडावरचे कावळे उडाले, आणि गाणारा पोरगा मध्येच ओरडला, "वाजव रे हिरामण!"

नाना ताडकन उभे राहिले. "आता हसा ना! व्हय, तो मीच!"

अंगणभर टाळ्या पडल्या. धोंडूकाकूंनी तेवढ्यातही नाक मुरडलं. "असला धांगडधिंगा नेटवर कोण ऐकणार गो?"

वहिनी म्हणाली, "आधी तुमचा पाय आवरा, काकू. कधीचा ताल धरून बसलाय."